मागची सीट

येसेनित्से गावात, पोलाद कारखान्याच्या बंद फाटकासमोर
रायकोचं दुकान. बाहेर चार गाड्या,
टाक्यांवर खडूनं वेळा लिहिलेल्या.
"प्रत्येकीला पाऊण तास," तो म्हणाला,
"व्रशिच घाटाच्या तिसऱ्या वळणापर्यंत जा आणि परत या.
खरचटली तर तुमची, आवडली तरी तुमचीच."
आणि सवयीनं किल्ली झ्देन्कोपुढे धरली.

झ्देन्कोनं हात खिशातच ठेवले.
मी तळवा पसरला.

पहिली क्रूझर. पाय पुढे, कोपर बाहेर,
गावाचा निवाडा करायला बसल्यासारखी मी.
ती बोलत नाही, नुसता घसा खाकरते.
सरळ रस्त्यावर राणी,
पण वळणावर, चिखलात बसलेली गाय उठवावी
तशी उठवावी लागते.
"मागे सोफा आहे," झ्देन्को म्हणाला.
थोड्या वेळानं काहीच म्हणाला नाही.
आरशात पाहिलं तर मान कलंडलेली.
मी वेग कमी केला.

दुसरी लाल. तिच्यावर बसत नाहीत,
तिला लोटांगण घालतात.
मनगटांवर सगळा संसार येतो,
आणि मागची सीट बिस्किटाएवढी:
त्याचे गुडघे माझ्या काखेत.
तरी खरं सांगते,
क्रान्स्का गोराच्या अलीकडे तिनं जी उडी घेतली,
पोटात गोळा, तोंडात शिवी, आणि मी हसत होते,
साठीला टेकलेली बाई, मोठ्यानं.
मागे कोणी आहे हे
त्या दोन किलोमीटरमध्ये मी विसरले.
परत येताना त्याची माफी मागावीशी वाटली. मागितली नाही.

तिसरी उंच. कठड्यापलीकडची नदी दिसते,
मे महिन्यातला उरलेला बर्फ दिसतो,
घाटातले दगडी चिरे ती लोण्यासारखे गिळते.
पण थांबायचं म्हटलं की
माझ्या एका अंगठ्यावर
दोन माणसं आणि एक डोंगर.
तिसऱ्या वळणावर तोल गेला.
झ्देन्कोनं पाय खाली टाकला,
बावीस वर्षांचा पाय, न विचारता टाकलेला.
दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

चौथी साधी. गोल दिवा, दोन सिलिंडर,
आधीच्या मालकाच्या गुडघ्यांनी
टाकीचा हिरवा रंग दोन्हीकडून पुसलेला.
हिच्याविषयी लिहायला घेतलं तर शब्दच सापडत नाहीत.
बसले, निघाले, एवढंच.

म्हणून मग रस्ता दिसला.
हा रस्ता मला पाठ आहे, पण अर्धाच:
बावीस वर्षं त्याच्या हेल्मेटच्या डावीकडून पाहिलेला.
उजवीकडे एक बाक आहे.
एक गोठा आहे, पत्र्यावर कोंबडा रंगवलेला.
एक वळण मी समजत होते त्याहून खूप आधी सुरू होतं.

गिअर बदलताना त्याचं हेल्मेट माझ्यावर आपटलं. टक्.
पूर्वी माझं आपटायचं.
"झोपलीस?" तो विचारायचा, आणि मी "छे" म्हणायचे.
"झोपलास?"
"छे."

दुकानाशी उतरलो. गाडी चालूच होती.
रायको विचारत होता, मग कोणती,
हप्ते किती, जुनी स्कूटर देणार का.
झ्देन्कोनं खिशातून उजवा हात काढला,
गेल्या हिवाळ्यापासून जो
चहाचा कप बशीवर वाजवतो तो,
आणि मागच्या सीटवर ठेवला.

आरसे थरथरत होते, नंबरप्लेट थरथरत होती,
सीट, सीटवरची धूळ,
आणि त्यात त्याचा हात
कुठे संपतो ते दिसेना.

रायको किल्ली फिरवायला वाकला.
"राहू दे," मी म्हटलं. "थोडा वेळ चालू राहू दे."