जरा प्ले हवा

रविवारी उद्यमबागेत लेथ बंद असतात.
गुरुसिद्दचं वर्कशॉप मात्र सहाला उघडतं.
लोखंडाचा कीस झाडून एका कोपऱ्यात,
फरशीवर मूठभर बोरिक पावडर.
तेलाचा वास काही जात नाही,
तो आता आम्हाला टँगोचाच वाटतो.

रेकॉर्डी कॅम्पातल्या मिरांडाच्या.
तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता,
ब्यूनोस आयर्सला तीनदा उतरला.
तिथून आणली पेटीभर गाणी आणि एक नियम:
चार गाणी एकाबरोबर. मधे सोडून जायचं नाही,
पाय तुडवला तरी.

बोलावणं नजरेनं.
पहिल्या महिन्यात गुरुसिद्दनं मान हलवली
तर मी उठले, माझ्यामागची मलप्रभाही उठली,
खानापूरचे दोघे तर उगाचच उठले.
"कुणाला बोलवुलालाय?" मलप्रभानं विचारलं.
तो बिचारा टेबलफॅनकडे बघत बसला.

तो पुटपुटत मोजतो, ओंदु, एरडु.
मी मराठीत.
तीनवर भेटतो कधी, कधी नाही.
त्याचं मुंदे म्हणजे माझं मागे
एवढं मात्र दोघांनी नीट शिकून घेतलं.

सुरुवातीला मी घट्ट धरायचे,
बँकेतल्या तिजोरीची किल्ली धरते तशी.
"मॅडम, बेरिंग इतकं टाइट बसवलं तर जाम हुतंय की.
जरा प्ले हवा.
लई ठेवला तर खडखडतंय."
जरा म्हणजे किती?
पाठीवरचा हात त्यानं काढला नाही,
हलका केला, केसभर.

त्या केसभर जागेत मग काय काय मावलं!
त्याचं मधेच खोडकर थांबणं,
माझं मुद्दाम उशिरा पोचणं,
पायानं काढलेलं एक बिनकामाचं वर्तुळ,
आणि त्याचं हसू, जे मला दिसत नाही,
बरगडीत कळतं.

परवा तिसऱ्या गाण्यात लाइट गेली.
रेकॉर्ड जाड आवाजात रेंगाळली, थांबली.
अंधारात सात जोड्या.
कुणी मोबाईल काढला नाही.
बाहेर मच्छ्याची बस गेली, एक कुत्रं,
आणि मलप्रभाचं दाबलेलं हसू.
"करंट येईस्तवर काय करूया?"
"उभं राहूया की," मिरांडा म्हणाला,
"गाणं संपलंय कुठं?"

उभे राहिलो.
वजन या पायावरून त्या पायावर,
बाजाराला आणलेल्या म्हशी बदलतात तसं.
वीस मिनिटं.
घरी नवऱ्याला म्हटलं,
आपण कधी एवढा वेळ गप्प उभे राहिलोय का?
तो म्हणाला, आपल्याकडे इन्व्हर्टर आहे.

करंट आलाच नाही.
चौथं गाणं राहिलं.

सोमवारी बँकेत, तीन नंबरच्या काउंटरला
रांगेत गुरुसिद्द. हातात चलन, चलनाला ग्रीस.
नमस्कार नाही, काही नाही.
पुढच्या चौघांच्या खांद्यांवरून
त्यानं एवढीशी मान हलवली.

माझ्यामागे कोण उठतंय
ते मी वळून पाहिलं नाही.
काउंटरखाली माझा उजवा पाय
आपसूक निघाला, मागे,
अर्धं पाऊल.