दशांश

पांढरकवड्याला बसस्टँडच्या मागे, कृषी केंद्राच्या वर दवाखाना,
खाली गोदामाच्या बाजूला माझी खोली.
अठरा वर्षं मी इथे लोकांचे दात ओततो.
ओततो म्हणजे प्लास्टर:
मोजून पाणी, मोजून भुकटी,
थरथरत्या टेबलावर साचा धरायचा
आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत
दुसरं काही मनात आणायचं नाही.

मे महिन्यात फार घाई.
निस्ताने बाईंनी तोंडातून माप काढलं की
ओल्या फडक्यात गुंडाळून जिना उतरायचो, दोन-दोन पायऱ्या.
इथलं ऊन मापालाही सुकवतं,
जिन्यात कुणी बोलत उभं केलं
की दाढ आक्रसली.

मग स्कॅनर आला.
विजेरीएवढा दांडा, तोंडात फिरवला
की पडद्यावर दात उगवतात, गुलाबी हिरड्यांसकट.
त्रिशा टेकामची आई पडद्याकडे बघून म्हणाली,
"माह्या पोरीचं तोंड एवढं मोठं हाय का जी?"

बाई म्हणाल्या, दिवाकरभाऊ, तीस तोंडं घ्या,
दोन्हीकडून मोजा, कोण किती चुकतं ते लिहा.
प्लास्टर माझ्याकडे, कॅलिपर माझा.
पडद्यावर निखत, टिचक्या मारत.
वही एकमेकांना दाखवायची नाही, असं ठरलं.
जेवताना डबे उघडायचो, आकडे नाही.

दाताची रुंदी: फरक शून्य दशांश एक.
कमानीची लांबी: दशांश दोन, कुठे तीन.
कधी तिची जास्त, कधी माझी.
"एवढ्यानं उपचार बदलत नाही," बाई म्हणाल्या.
माझी झोप बदलली.
दशांश दोन म्हणजे वहीची दोन पानं, एकावर एक.
तेवढ्या फटीत मी रात्रभर पडून राहायचो.

सतरा नंबरला मात्र जवळजवळ मिलिमीटरभर गेलं.
मी मोठ्यानं म्हणालो, मशीनच चुकली,
स्कॅन चालू असताना लाइट गेली असंल.
निखत काही बोलली नाही. भिंग पुढे सरकवलं.
वरच्या डाव्या दाढेच्या कडेला
खसखशीएवढी गाठ.
मापात अडकलेली हवा, हवेच्या जागी भरलेलं माझं प्लास्टर,
आणि तिला दात समजून
मी तीन वेळा मोजलं होतं.
तीनही वेळा आकडा तोच.

त्या दिवशी आणखी एक कळलं,
सुळ्यांच्या टोकांवर बारीक पांढरे ओरखडे होते.
माझ्याच कॅलिपरचे.
मोजून मोजून मी त्यांना झिजवत होतो.

म्हटलं, आता तोंडालाच विचारू.
त्रिशा आली तारा आवळायला,
मी बाईंची परवानगी घेऊन तिच्या दातांना कॅलिपर लावला.
आकडा ना माझ्या वहीतला, ना निखतच्या.
तीन महिन्यांत दात आपल्या वाटेनं निघाले होते.
मी आणि निखत एका जुन्या तोंडासाठी भांडत होतो,
आणि नवं तोंड आ करून विचारत होतं,
"काका, झालं का? दुखून ऱ्हायलं."

फळ्या रिकाम्या झाल्या. तिथे आता इन्व्हर्टर आहे.
प्लास्टर फेकायला सांगितलेलं,
मी दोन पोत्यांत भरून घरी आणलं.
वच्छलानं काही विचारलं नाही,
एवढंच म्हणाली, "हे जड हाय ना? बरं झालं."

परवा गच्चीवर गेलो
तर कुरड्यांच्या धोतराच्या चारी कोपऱ्यांवर
चार जबडे,
कापड दातात धरून बसलेले.
एका दाढेच्या कडेला खसखशीएवढी गाठ.
वारा तापलेला होता, कापड फुगत होतं.
मी उगाच वाकून बघितलं,
कोपरा किती सरकला ते.