केसभर

पिकअपच्या फळीवरून सिलिंडर घरंगळला
आणि आयमथच्या धक्क्यावर तोंडघशी पडला.
व्हॉल्व्हची मान तिरपी, मूठ एका अंगाला चेपलेली.
आत दोनशे दहा बार.

फर्गस पाना घेऊन धावला.
"ठेव तो," एल्स्पेथ म्हणाली, आवाज न चढवता,
"भरलेल्याचं डोकं पिळायचं नसतं."
मग सगळ्यांना बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीआड धाडलं,
खेकडे विकणाऱ्या म्हाताऱ्यालाही, कुत्र्यासकट.

ती एकटी गुडघ्यांवर बसली.
समोर नाही, वर वाकून नाही, कडेला,
लाथाळ म्हशीची धार काढायला बसावं तशी.
दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या.
नुसत्या हाताने नाही वळली, तर उठून मागे यायचं
आणि डनबारच्या माणसाला फोन लावायचा,
हे तिने आधीच सांगून ठेवलेलं.

वळली. केसभर.

सूंऽऽ
बारीक, एकसुरी, संपता संपेना.
कुणाचा तरी पन्नास मिनिटांचा समुद्र
उघड्या हवेत चालला होता.
धातूवर आधी दव धरलं, मग पांढरी साय.
सीगलनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

श्वास कधी रोखायचा नाही,
पाण्याखालचा हा पहिला धडा
मला तिनेच दिलेला.
भिंतीआड आम्ही सातजण
तोच मोडून उभे.

आवाज थांबला.
ती तरीही बसून राहिली, बराच वेळ,
थांबलेल्यावर लगेच विश्वास न ठेवता.

मग खडूने सिलिंडरवर एक मोठी फुली मारली,
गुडघे झटकले.
"आणू आता पाना?" फर्गसने विचारलं.
"चहा आण," ती म्हणाली.
तेव्हा कुठे तिचे हात थरथरायला लागले.