तळघराची किल्ली

किल्ली माझ्याकडे असते, कारण मला झोप कमी.
शनिवारी पहाटे साडेपाचला
सडबरीत अजून रात्रच असते, उणे सव्वीस.
कुलूप इतकं गार की हातमोजा काढला
तर बोटांची सालटी तिथेच राहतील.
आधी दिवा, मग बॉयलर, मग कॉफीचं मोठं भांडं,
मग घडीच्या खुर्च्या. बारा मांडतो.
नऊच जण येतात.
उरलेल्या तीन मांडायचं अजून सोडवत नाही.

वर चर्च, खाली आम्ही.
फादर तीन गावं सांभाळतात, म्हणून आमच्या वाट्याला
एक पुस्तिका: आठवड्याला एक उतारा, तीन प्रश्न.
लुसियँ वाचतो, कारण त्याचा चष्मा नवा आहे.
गाएतानो हीटरला पाठ टेकून.
तोइवो दारापाशी, जो बायकोसाठी कॅथलिक झाला
आणि बायको गेल्यावरही राहिला.
बोलणं काय, तर गुडघा, पेन्शन,
बर्फ उपसणारी गाडी आमच्याच गल्लीत कशी येत नाही,
कोणाचा मुलगा फोन करत नाही.
देवाचं नाव निघालं की सगळे आपापल्या कपात बघतात,
जणू तो तळाशी बसलाय, न विरघळलेल्या साखरेसारखा.

त्या शनिवारचा प्रश्न होता:
'रोजच्या दिवसात तुम्ही प्रार्थना कधी करता?'
लुसियँनं वाचला. मग परत वाचला.
गाएतानो म्हणाला, रोजरी, गाडीत, सिग्नल लाल असेपर्यंत.
कोणी म्हणालं, जेवणाआधी, आठवलं तर.
मग ओदिलाँ बोलला.
अकरा वर्षांत 'दूध इकडे दे' याखेरीज
त्याच्या तोंडून फारसं काही ऐकलेलं नाही.

"मी करत नाही," तो म्हणाला.
"तुम्ही डोळे मिटता तेव्हा मी खुर्च्या मोजतो.
फक्त सकाळी दाढी करताना चार नावं घेतो.
आमच्या पाळीतली.
मी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होतो.
दोन या गालाला, दोन त्या गालाला.
हनुवटीला कोणी नाही.
एवढंच. याला काही प्रार्थना म्हणत नाहीत."

बॉयलर घुरघुरला.
इथे कोणीतरी म्हणायला हवं होतं, अरे, हीच तर.
पुस्तिकेत तसं वाक्य असेलही, मागच्या पानावर.
कोणी म्हणालं नाही.
तोइवोनं उठून त्याच्या कपात दूध ओतलं,
न मागता, आणि जरा जास्तच,
टेबलावर ओघळ येईपर्यंत.
लुसियँनं विचारलं, "नावं काय?"
ओदिलाँनं सांगितली.
मी इथे लिहीत नाही. ती माझी नाहीत.

श्रद्धा वाढते म्हणतात.
मला वाटायचं, वाढते म्हणजे वर, झाडासारखी.
सत्तावीस वर्षं निकेलच्या खाणीत काढलेल्या माणसाला
तरी कळायला हवं होतं:
पिंजऱ्यात उभं राहायचं, दडे बसतात,
पोट मागे वरच राहतं,
आणि खाली पोचल्यावर
आपला दिवा आपल्याला दिसत नाही.
शेजाऱ्याच्या कपाळावरच्या उजेडात
आपले हात दिसतात.

सोमवारी आरशापुढे उभा होतो, साबण लावून.
गाल आले तसे झाले.
हनुवटीपाशी हात थांबला.
म्हटलं, रेमी.
मेलेला नाही तो. व्हँकूव्हरला असतो.
सहा वर्षं झाली.
पुढे काय म्हणायचं ते येईना,
'आमेन' तर फारच लांब होतं,
आणि ब्लेड घसरलं.

पुढच्या शनिवारी खुर्च्या मांडल्या, बारा.
आले नऊ.
तिघांच्या हनुवटीवर
कागदाचे लाल ठिपक्याचे कपटे होते.
कोणी कोणाला काही विचारलं नाही.
कॉफी मात्र पाणचट झाली होती.
ती माझी चूक, चमचे मोजताना
मी दुसरंच काही मोजत होतो.