कारण: इतर

शनिवारी शाळा सुटल्यावर
शिपाई भालेकरांनी कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढून दिलं,
म्हणाले, पाचला बंद करणार, बाई.
खिडकीखाली मानखुर्दचा नाला,
पलीकडे लल्लूभाई कंपाउंडच्या गॅलऱ्यांतून
लोंबणाऱ्या गोधड्या.

चौथी ब. पट एक्केचाळीस.
पोर्टलला हवेत गुण, हजेरी, वजन, उंची
आणि प्रवर्ग.

आधी नावांनी लावली यादी. काही दिसलं नाही.
लाल-हिरवे चौकोन
कुणी तरी पाय दिलेल्या रांगोळीसारखे.
मग प्रवर्गाच्या रकान्यावर एकदाच टिचकी मारली
आणि सगळी नावं सरसर हलून बसली,
जशी डबा खायला मुलं बसतात,
कुणी न सांगता.
हिरवे वर. लाल खाली.
मधे पट्टी धरून ओढल्यासारखी रेघ.

पवार चार आहेत वर्गात.
दोन रेघेच्या वर, दोन खाली.
कुठले पवार, ते रकान्याला ठाऊक.
माझं आडनाव मात्र
आजवर कुणी दोनदा विचारलेलं नाही.

केंद्रप्रमुख बैठकीत म्हणाले होते,
तफावत भरून काढा,
जणू नाक्यावरचा खड्डा:
दोन घमेली खडी, वर डांबर, फोटो.
गळतीचं प्रमाणही कमी दाखवा म्हणाले.
गळती शोधायची तर नळाजवळ कान न्यावा लागतो,
हे आमच्या वस्तीत पोरंही जाणतात.

सोमवारपासून हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर
मी एक रकाना आखला, कुणी न मागितलेला.
प्रश्न विचारला की त्या नावापुढे एक काडी.
चार उभ्या, पाचवी आडवी.
पंधरा दिवस.
स्वतःवर पाळत ठेवणं सोपं नसतं,
दुसऱ्याच दिवशी मी खोटेपणाने
मागच्या बाकांना तीन प्रश्न जास्त विचारले,
मग लाजून ते खोडले.

तेजल परब: चौतीस.
वैजयंता धोत्रे: चार.
सुरमी काळे: दोन.
त्यातला एक, 'खिडकी लावतेस का गं?'

त्या रात्री शिकवणीच्या वहीत
वजाबाकीचं टाचण काढत होते.
हातचा घ्यायचा शेजारच्या घरातून,
तिथला एक कमी करायचा,
हे किती वर्षं शिकवतेय मी.
कुणाच्या घरातून कमी झालं
हे कधी फळ्यावर लिहिलं नाही.

मग एका बुधवारी म्हटलं,
सुरमी, बावन्नातून सतरा.
तिनं मागे वळून पाहिलं.
मागे भिंत होती.
भिंतीवर बाराखडीचा तक्ता, 'ण'पाशी फाटलेला.
तूच, म्हटलं. तुलाच विचारतेय.
एरवी मी दोन मोजते आणि पुढच्या बाकाकडे वळते.
त्या दिवशी नऊपर्यंत मोजलं.
परबांच्या तेजलचा हात वर, 'बाई, मी, बाई, मी',
तो हात मी डोळ्यांनीच खाली ठेवला.
सुरमी म्हणाली,
'बाई, परत सांगा ना.'
उत्तर नव्हतं ते.
पण काडी मारली मी, जरा जाडच.

दुसऱ्या सत्रात पुन्हा तीच खोली, तोच पंखा.
रेघ गेलेली नाही.
दोन चौकोन पिवळे झालेत,
एक हिरवा होता तो लाल झालाय,
त्या मुलाच्या वडिलांचं देवनारचं काम सुटलं.
वैजयंता तीन आठवडे नाही, कुणी म्हणतं सोलापूर.

पोर्टल विचारतं,
मागे पडण्याचं कारण निवडा.
स्थलांतर. आजारपण. पालकांची उदासीनता.
खालीवर करून पाहिलं,
शिक्षक असा पर्याय नाही.
मी 'इतर' निवडलं.
खाली पन्नास अक्षरांची चौकट उघडली.
भालेकर दारात किल्ल्या वाजवत उभे,
आणि मी माझं नाव लिहितेय,
आडनावासकट.