पपईचा देठ

मालवणात किल्ल्यामागं, बारा फूट पाण्यात
मी माणसांना श्वास घ्यायला शिकवतो.
सांगलीचे हिशेबनीस, जळगावचं नवं जोडपं,
तोंडात रबर धरून डोळे वटारलेले.
मी आधीच सांगतो, नाक विसरा.
तोंडानं घ्या, तोंडानं सोडा,
आणि काय वाट्टेल ते झालं तरी अडवून धरू नका.
त्यांची बोटं माझ्या मनगटात रुततात,
मग सैल पडतात.
बुडबुडे वर जातात, आधी घाबरेघुबरे,
नंतर एकेक, नीट.
तिथं खाली मला कधी काही झालं नाही.

झालं ते बँकेत.
टोकन सत्तेचाळीस, डोक्यावर पंखा,
समोर विम्याच्या जाहिरातीतलं हसरं कुटुंब.
छातीत कुणी नांगर टाकला
आणि दोर सुटतच गेला, तळ लागेना.
बोटांना मुंग्या, ओठ बधिर,
आत सत्तेचाळीस, सत्तेचाळीस अशा हाका,
आणि मी बाहेर पायरीवर.

ईसीजीची पट्टी निघाली,
सगळे डोंगर जागच्या जागी.
डॉक्टर म्हणाले, काही नाही.
ते काही नाही मग रोज तीनच्या सुमाराला यायला लागलं,
जेवणानंतर, हातावर माशी बसावी तसं.

शैलानं, बहिणीनं, एकदा पडवीत मला तसा पाहिला.
"काय होता तुका?"
सांगता येईना.
तिनं परसातल्या पपईचं पान मोडलं,
चीक ओढणीला पुसला, देठ दोन्हीकडून कापला,
तांब्याभर पाण्यात बुडवून पुढं धरला.
"फुंक. फेस नको, बुडबुडे काढ."
पहिल्यांदा अर्धं पाणी मांडीवर.
"हळू सोड. घाई कोणाक आसा?"

नाकानं घ्यायचा, चार मोजून.
देठातून सोडायचा, सातपर्यंत, जमलं तर आठ.
नाकानं! मी, जो दिवसभर लोकांना नाक विसरायला लावतो.

आता खिशात शहाळेवाल्याची नळी असते,
कागदी, चौथ्या श्वासाला मऊ पडणारी.
बँकेत तांब्या कुठला, नुसतीच फुंकतो.
कॅशियरला वाटतं, दाढ दुखतेय.
देठच बरा. त्याला कडवट वास असतो,
सुकला की दुसरा तोडावा लागतो,
झाडापर्यंत जावं लागतं,
कधी तेवढ्यातच निम्मं उतरतं,
कधी नाही उतरत. परवा नाही उतरलं.

बाबा बघायचे, बोलायचे नाहीत.
होडीवरचा माणूस. एका वादळात
पूर्ण रात्र समुद्रात काढलेली,
त्यावर घरात एक शब्द नाही.
सप्टेंबरात रात्री तहानेनं उठलो
तर माजघरात पाण्याचा आवाज.
दार अर्धं उघडं. अंधारात ते पाटावर,
तांब्या दोन गुडघ्यांत धरलेला,
बुडबुडे फार भरभर.

मी आत गेलो नाही.
भिंतीला टेकून श्वास लांब सोडला,
ऐकू जाईल एवढा.
पुन्हा एकदा.
पाण्याखाली करतो तसाच,
समोरच्यानं बघून उचलावं म्हणून.
तिसऱ्या वेळी आतला आवाज मंदावला.

सकाळी तांब्याजवळ दोन देठ.
एक माझा. एक आखूड,
कोयत्यानं तिरका कापलेला.