सोले

सुकेशनीचा फोन रात्री साडेनऊला येतो.
तिकडे आयर्लंडात तेव्हा चार वाजलेले असतात
आणि दिवस बुडत असतो.
"चारलेच? अन् मंग जेवता कवा व तुम्ही?"
बेबीताईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

पहिले दोन महिने आम्ही नुसतं विचारतच होतो.
पगार किती, भात भेटते का,
वाळली काहून, लग्नाचं काय ठरवलं,
बर्फ पाह्यला का.
ती म्हणायची, हो, हो, बरं आहे.
मग नेट गेलं म्हणून फोन ठेवायची.
नेट गेलेलं नसायचं.
रेखाने हिरवा ठिपका पाहिला होता.

एका रात्री ती काहीच बोलली नाही.
नाक ओढल्याचा आवाज,
मागे कपडे धुण्याचं यंत्र गरगरत असावं.
मायने फोन असा धरला
जसं चुलीवरचं गंज पदराशिवाय उचलावं.
आणि आम्ही सगळ्या एकदम सुरू झालो:
परत ये, डॉक्टरला दाखव,
सकाळी फिरत जा, दूध पीत जा.

गुंफाबाई कोपऱ्यात सूप घेऊन बसली होती.
तिचा पोरगा गेला त्या साली
ती अकरा महिने बोलली नव्हती.
नागपूरहून गोळ्या आल्या होत्या,
गावातून सल्ले.
म्हणाली, "चूप बसा व बायांनो.
फोन ठेवा इथं खाली.
शेंगा सोला."

तुरीच्या ओल्या शेंगा, गोणपाटावर ढीग,
मधोमध फोन, सुपाच्या काठाला टेकवलेला.
पट्.
दाणे ताटात.
पट्.
कोणीतरी खोकललं.
लाइन आली असेल, वावरात मोटार सुरू झाली.
नखं हिरवी होत गेली, ताट भरत गेलं,
पाऊण तासाने तिकडून आवाज आला,
"मावशे, किडकी शेंग फेकतेस का?"
"नाही व. अर्धी चांगली निघते."

आता ती मंगळवारी एका बाईकडे जाते,
मन मोकळं करायला, पैसे देऊन.
वॉर्डातली केरळची लिझी सोबत असते.
बेबीताईला हे अजून पटलेलं नाही:
"बोलाचे पैसे?"
गुंफाबाई शेंगेवरून नजर न काढता म्हणते,
"मले भेटली असती त कापूस इकून देल्ले असते."

तुरी वाळत आल्या. पुढं काय सोलायचं
यावर काल बरीच चर्चा झाली.
भुईमुगाला वेळ आहे.
शेवटी लसूण ठरला.
त्याचा आवाज अगदीच बारीक;
फोन जरा जवळ सरकवावा लागेल.